आर्मी, नेव्ही की एअर फोर्स? आधी नडगी बरी कर, मग टोपी निवड

काका, मी कोपरखैरण्याला राहतो. बारावी सायन्स झालो, ६१ टक्के. वय १८ वर्षं ८ महिने. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी आहेत, आमचं गाव पाटण तालुक्यात. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत. ते म्हणतात, आर्मी सोडून दुसरा फॉर्म भरायचा नाही. माझा एक मित्र नेव्हीत चार वर्षांच्या भरतीतून अग्निवीर लागलाय, तो तिकडे बोलावतो. कॉलेजचे सर म्हणतात, फिजिक्स बरं आहे तर एअर फोर्स बघ. मी महापे एमआयडीसीत एका गोदामात दुपारी २ ते रात्री १० कामाला जातो. सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या पंपाचं काम निघालं तर मलाच बोलावतात. तीन महिने रोज पहाटे पाचला सेक्टरच्या रस्त्यावर १.६ किलोमीटर घड्याळ लावून पळतो. आधी साडेआठ मिनिटं लागायची, मग ७:४० झाली, आता महिनाभर तिथंच अडकलोय आणि दोन्ही नडग्या दुखतात. उंची १६७ की १६८, घरी नीट कळत नाही. वडील विचारतात, चार वर्षांनी परत आलास तर पुढं काय? कुठं भरू, आणि टायमिंग किती दिवसांत येईल?
— स., कोपरखैरणे

प्रिय स.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कुठं भरायचं हे तू आधी विचारलंयस आणि नडग्यांचं मध्येच एका ओळीत लिहून मोकळा झालास. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे. उद्या सकाळी पळायला जाऊ नकोस. परवाही नको. दहा दिवस पळणं पूर्ण बंद.

आज रात्री कामावरून आलास की खाटेवर बस आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली ये. वीतभर पट्टा सगळाच ठणकत असेल, पळायला लागल्यावर दुखून अंग तापलं की कमी होत असेल, तर हाडाच्या वरचं आवरण आणि त्याला धरलेले स्नायू सुजलेत. विश्रांतीनं आणि नंतर शहाणपणानं पळण्यानं ते बरं होतं. पण अंगठा एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी आला आणि तिथंच कळ मस्तकात गेली, किंवा रात्री झोपेतही ठसठसत असेल, तर हाडाला केसाएवढी चीर पडत असू शकते. मग उद्याच वाशीच्या महापालिका रुग्णालयात जाऊन हाडाच्या डॉक्टरला दाखव. पहिल्या एक्स-रेमध्ये ही चीर बरेचदा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच पळायला लागू नकोस, डॉक्टरांना विचार.

एवढं जोर देऊन सांगतो, कारण हे मी फार जवळून पाहिलंय. मी आर्मीच्या सिग्नल, म्हणजे संदेशवहन, विभागात होतो. जबलपूरला आमच्या प्रशिक्षणात माझ्या शेजारच्या खाटेवर बीड जिल्ह्यातला एक मुलगा होता, पळायला आमच्यात सगळ्यांत पुढं. आठव्या-नवव्या आठवड्यात त्याची उजवी नडगी दुखायला लागली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पहाटे सगळे उठायच्या आधी तो अंधारात खाटेच्या कडेला बसून पायाला क्रेप बँडेज गुंडाळायचा आणि वरून मोजा ओढायचा, बँडेजची कड दिसू नये म्हणून दोनदा दुमडायचा. मला दिसायचं आणि मीही गप्प राहिलो, याचं मला आजही वाईट वाटतं. एका सकाळी पळता पळता तो खाली बसला तो उठलाच नाही. हाड चिरलेलं होतं. कित्येक आठवडे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये काढले आणि मग त्याला मागच्या बॅचमध्ये टाकलं. आमची कसम परेड झाली तेव्हा तो मैदानाच्या कडेला काठी घेऊन उभा होता. पुढे तो प्रशिक्षणातून नीट बाहेर पडला, नोकरीही केली. पण दोन आठवडे वेळेवर थांबला असता तर त्याचं सहा महिन्यांचं नुकसान टळलं असतं.

आता हे दहा दिवस वाया घालवायचे नाहीत. या दिवसांत तीन कामं उरकून घे, कारण ती झाल्याशिवाय कुठलं दल या प्रश्नाचं उत्तर मलाच काय, तुझ्या मामांनाही देता येणार नाही.

पहिलं काम उंचीचं. घरी भिंतीला टेकून पेन्सिलची रेघ मारून चालत नाही. दवाखान्यात उंची मोजायचा उभा दांडा असतो, तिथं अनवाणी, टाचा-पार्श्वभाग-खांदे टेकवून मोजून घे, आणि सकाळी मोज, कारण दिवसभर उभं राहून संध्याकाळपर्यंत माणूस थोडा दबतो. आपल्या महाराष्ट्रातल्या मुलांना आर्मीत जनरल ड्युटीला, म्हणजे जीडीला, १६८ सेंटिमीटर लागतात आणि टेक्निकलला १६७. तुझ्या बाबतीत तो एक सेंटिमीटर म्हणजे एक अख्खी वाट आहे. माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत सवलत मिळते, भाच्याला मिळत नाही. मामांच्या नोकरीवर ती मिळेल असं घरात कुणी गृहीत धरलं असेल तर आत्ताच स्पष्ट कर. नेव्हीला १५७ पुरतात, एअर फोर्सला त्याहून कमी. तिथं तुझा प्रश्नच येत नाही.

दुसरं काम डोळ्यांचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, नंबर काढून घे आणि रंगांची तपासणी मुद्दाम मागून घे. ठिपक्यांच्या चित्रांत लपलेला आकडा वाचायचा असतो. लाल-हिरवा रंग नीट न ओळखता येणारी कितीतरी मुलं असतात आणि त्यांना आयुष्यभर ते माहीतच नसतं, कारण रोजच्या जगण्यात काही अडत नाही. मग वर्षभर पळून, लेखी पास होऊन, मेडिकलच्या टेबलावर कळतं. तपासणी दहा मिनिटांची आहे. नंबर निघाला तरी घाबरू नकोस, तिन्ही दलांचे निकष वेगळे आहेत. एअर फोर्स अग्निवीरवायूला, म्हणजे तिथल्या अग्निवीराला, चष्म्याशिवाय प्रत्येक डोळ्याला ६/१२ आणि चष्म्यानं ६/६ एवढं चालवून घेते. मात्र नंबर निघाला म्हणून लगेच लेझर करून घ्यायला धावू नकोस. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांचे नियम निराळे आहेत, आधी ते वाच. त्याच आठवड्यात दात, कान आणि नाकाचं हाड दाखवून घे. किडलेला दात भरणं, कानातला मळ काढणं ही आत्ता थोडक्यात होणारी कामं आहेत. आरशासमोर उभं राहून गुडघे एकमेकांना लागतात का ते बघ. आंघोळ करून ओल्या पायांनी फरशीवर उभा राहा, तळव्याचा ठसा पूर्ण सपाट उमटतो की मध्ये कमान दिसते ते बघ. आणि काही झालं तरी हातावर नाव गोंदवून घेऊ नकोस.

तिसरं काम कागदांचं, आणि माथाडींच्या घरातल्या मुलांना हे हमखास नडतं. तुझं रेशनकार्ड कुठलं आहे, पाटणचं की कोपरखैरण्याचं? आर्मीची भरती जिल्ह्यावर चालते. ठाणे जिल्हा मुंबईच्या भरती कार्यालयाकडे आहे, तर सातारा कोल्हापूरच्या. अधिवास प्रमाणपत्र ज्या जिल्ह्याचं, तिथूनच अर्ज. गावचा एक दाखला आणि इथला एक असे दोन काढून ठेवू, जिथं आधी भरती निघेल तिथं उभं राहू, असं कुणी सुचवेल. तसं केलंस तर कागदपत्रांच्या टेबलावरूनच परत पाठवतील. घरी बसून वडिलांबरोबर एकच ठरव. मग दहावीची मार्कशीट, आधार आणि अधिवास शेजारी शेजारी ठेव आणि नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून बघ. जुळत नसेल तर आधार दुरुस्त करून घ्यायला आत्ता वेळ आहे.

ही तीन कामं झाली की निम्मा निर्णय आपोआप होईल. उरलेल्या निम्म्यासाठी मी तुला एवढंच सांगेन: कुठल्या रंगाचा गणवेश हा विचार आधी करू नकोस, आत जाऊन रोज हातांनी काय करायचं आहे ते आधी बघ. मामा टोपीबद्दल बोलतायत, मित्र त्याच्या टोपीबद्दल. चार वर्षं रोज सकाळी उठून जे करायचं आहे, त्याबद्दल तिघांपैकी कुणीच बोललेलं नाही.

जीडी म्हणजे शिपाईगिरी, तिच्या खऱ्या आणि मानाच्या अर्थानं. हत्यार, गस्त, ओझं पाठीवर घेऊन चालणं, बर्फ, वाळवंट, तंबू. आणि दहा जणांच्या सेक्शनमध्ये मिळणारी अशी माणसं, जी नंतर जन्मभर सुटत नाहीत. ज्याला हे मनापासून हवंय त्याला याच्यासारखं दुसरं काही नाही. तुझ्या मामांच्या मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास १७६८ पासूनचा आहे. तुमच्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, जिथं घराघरातून माणूस फौजेत गेलाय. मामांचा अभिमान मला कळतो, त्यात खोट नाही. पण जीडीत निवड झाली म्हणून मराठाच मिळेल, बेळगावलाच जाशील, असा शब्द कुणी देऊ शकत नाही. तोफखान्यात नाशिक रोडला जाशील, रणगाड्यांकडे अहिल्यानगरला जाशील, आणखी कुठंही जाशील. फक्त मामांच्या पलटणीसाठी आर्मी धरत असशील तर हे माहीत असू दे.

आर्मी टेक्निकल निराळं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजी, मिळून ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४०. तुझे एकूण ६१ आहेत, पण विषयवार मार्क तू लिहिले नाहीस, ते बघ. एखाद्या विषयात ३८ असतील तर ही वाट बंद.

नेव्हीत तुझ्यासाठी एसएसआर, म्हणजे बारावीवाल्यांची खलाशी भरती. बारावी गणित-फिजिक्ससह ५० टक्के. प्रशिक्षण ओडिशात चिल्का इथं, त्यानंतर कामाप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी. इंजिनची बाजू मिळाली तर लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी, विजेची मिळाली तर जामनगरचं वालसुरा. जहाजावरचं जगणं कोपरखैरण्याच्या खाडीकडे बघून कळत नाही. एकावर एक खाटा, इंजिनरूममध्ये घाम आणि डिझेलचा वास, दिवसरात्र पाळ्यांचा पहारा, समुद्रात गेल्यावर कित्येक दिवस घरी फोन नाही. तुझी आई दिवसातून दोनदा फोनची वाट बघणारी असेल तर तिला हे आधी सांगायला हवं. पण मशीन जितं ठेवण्याचं काम ज्याला आवडतं त्याला जहाज म्हणजे शाळा आहे, कारण भर समुद्रात बाहेरून मेकॅनिक बोलावता येत नाही.

एअर फोर्समध्ये अग्निवीरवायू. गणित, फिजिक्स, इंग्रजीसह बारावी ५० टक्के आणि इंग्रजीत स्वतंत्र ५० टक्के. हा इंग्रजीचा आकडा मुलं विसरतात, तू मार्कशीट काढून आत्ता बघ. तिथलं आयुष्य बहुतेक तळावरचं, शिस्त काट्याची, काम बारकाईचं. तुमच्या बाजूलाच ठाण्यात कोलशेतला एअर फोर्सचं ठाणं आहे. लेखी परीक्षा तिन्हींत अवघड म्हणेन मी, आणि इंग्रजीचा पेपर इंग्रजीतच. आर्मीची लेखी मात्र २०२५ पासून मराठीतही देता येते. तू मराठी माध्यमाचा असशील तर ही मोठी गोष्ट आहे. लेखी आता सगळीकडे आधी होते आणि ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, नंतर. आर्मीतही २०२३ पासून तसंच आहे. मामांच्या वेळी उलटं होतं, म्हणून ते तुला फक्त पळ पळ म्हणत असतील. लेखीत नापास झालेल्याचं टायमिंग कुणी बघत नाही, आणि चुकीच्या उत्तराला मार्कही कापतात.

माझं मत विचारलंस तर, सोसायटीचा पंप बिघडला की तुलाच बोलावतात, हे तू पत्रात सहज लिहून गेलास. माझ्यासाठी तेच सगळ्यांत मोठं वाक्य आहे. तुझे हात मशीनकडे जातात. मी तुझ्या जागी असतो तर पहिला फॉर्म नेव्ही एसएसआरचा भरला असता, दुसरा आर्मी टेक्निकलचा, इंग्रजीत ५० असतील तर तिसरा अग्निवीरवायूचा. यात कुणाचा अपमान नाही. तिन्ही फॉर्म भरण्यावर कुठलाही निर्बंध नाही. २०२५ पासून आर्मीत एकाच वेळी दोन प्रकारांसाठी अर्ज करता येतो, तेव्हा उंची १६८ भरली तर टेक्निकलबरोबर जीडीही भर. मामांचं मनही राहील आणि तुझ्या हातची संधीही.

आणखी एक. तुझं वय १८ वर्षं ८ महिने. एनडीए, म्हणजे बारावीवर थेट अधिकारी व्हायची परीक्षा, हिला साडेएकोणीस ही मर्यादा आहे, पण ते वय अभ्यासक्रम सुरू होतानाचं धरतात आणि तो फॉर्म भरल्यावर साधारण वर्षभरानं सुरू होतो, म्हणून ती वाट तुला आता बहुधा बंद आहे. खात्रीसाठी जाहिरातीतल्या जन्मतारखा एकदा बघ. अधिकारी व्हायचं स्वप्न आपल्या घरातल्यांनी बघायचं नसतं, असं माथाडी वस्तीत वाढलेल्या मुलांच्या मनात कुठंतरी बसलेलं असतं. ते काढून टाक.

आता वडिलांचा प्रश्न. तो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला आणि त्यांना गोल गोल उत्तर देऊ नकोस. २०२२ साली अग्निवीरांची ही चार वर्षांची अग्निपथ योजना आली तेव्हाचा हिशेब असा: पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० निधीत कापले जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी पगार ४०,०००. तुझ्या कापलेल्या पैशांएवढीच भर सरकार घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख, करमुक्त. ४८ लाखांचा विमा. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चारांपैकी जास्तीत जास्त एकाला पुढं कायम ठेवतात, तीन परत येतात. परत येणाऱ्या त्या तिघांत तूही असू शकतोस, असं धरूनच घरात बोल. म्हणूनच मी कामाचा विचार आधी करायला सांगतो. बावीस-तेविसाव्या वर्षी परत आलास आणि हातात इंजिनाचं किंवा विजेचं काम असेल, तर तळोजा, महापे, उरणच्या बंदरात तुला दार ठोठवायला जागा आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत, ती वाट शिपाईगिरी केलेल्याला जवळची. ही दोन्ही चित्रं वडिलांसमोर मांड. ज्या माणसानं पहाटे तीनला उठून पोती उचलून तुला बारावी केलं, त्याला आकडे कळतात.

आता टायमिंग. तू तीन महिने रोज परीक्षा देत होतास, तयारी केलीच नाहीस. रोज १.६ किलोमीटर जीव तोडून पळणं म्हणजे रोज पेपर सोडवणं आणि पुस्तक कधीच न उघडणं. म्हणून साडेआठवरून ७:४० वर पटकन आलास आणि थांबलास. त्यात रस्ता काँक्रीटचा, झोप पाच तास, आणि दुपारी आठ तास गोदामात उभ्यानं. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला महिने लागतात. तुझं हाड मागं राहिलं, एवढंच झालंय.

१.६ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या. तुझ्या ७:४० ला एक फेरी ११५ सेकंदांची पडते. एअर फोर्सला सात मिनिटं, म्हणजे १०५ ची फेरी. नेव्हीला साडेसहा, म्हणजे साडेसत्त्याण्णवची. या दोन्हीकडे ग्राउंड फक्त पास व्हायचं असतं. आर्मीत गुण आहेत: साडेपाच मिनिटांच्या आत ६० गुण, ५:४५ पर्यंत ४८, आणि आता ६:१५ पर्यंतच्यांनाही कमी गुणांवर घेतात. साडेपाचला फेरी पडते साडेब्याऐंशी सेकंदांची.

दहा दिवसांनी दुखणं पूर्ण गेलं असेल तरच सुरू कर. पहिला महिना घड्याळात वेग बघायचाच नाही. आठवड्यात चार दिवस, एक दिवसाआड, मातीवर. निसर्ग उद्यानात किंवा शाळेच्या मातीच्या मैदानावर जा, काँक्रीट सोड. चार मिनिटं हळू पळ, एक मिनिट चाल, असं वीस मिनिटं. इतकं हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. लाज वाटेल, बायका चालताना पुढं निघून जातील, जाऊ दे. दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढव, महिन्याअखेरीस पस्तीस-चाळीस मिनिटं न थांबता, तसंच बोलत बोलत. यानंच हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि पायातल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. वेग नंतर याच्यावर बसतो.

दुसऱ्या महिन्यात चारांपैकी एकच दिवस जोराचा. टेपनं मोजून ४०० मीटरची खूण कर, मोबाइल छोट्या फेरीत चुकतो. सहा वेळा ४००, प्रत्येकी १०५ सेकंदांत, मध्ये तीन मिनिटं चालणं. पहिली फेरी आणि सहावी फेरी सारख्या वेळात आली तर बरोबर. पहिली ९५ आणि शेवटची १२० आली तर तू पुन्हा तीच जुनी चूक करतोयस. हे सहज जमलं की १००, मग ९७. तिसऱ्या महिन्यापासून जोराचे दोन दिवस, दुसऱ्या दिवशी आठ वेळा २००. अधूनमधून गवळीदेवच्या किंवा पारसिकच्या चढावर हळू पळ, पण उतरताना चालत उतर, नडगीला मार उतारावर बसतो. पूर्ण १.६ ची वेळ तीन आठवड्यांतून एकदाच घ्यायची, त्याआधी एक दिवस पूर्ण आराम.

किती दिवसांत येईल? साडेसहा मिनिटं चार-पाच महिन्यांत येतील असं मला वाटतं. पावणेसहाला सात-आठ महिने धर. साडेपाच येईलच असं मी सांगणार नाही, आणि तीस दिवसांत आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.

बीमकडे, म्हणजे पुलअपच्या दांड्याकडे, मात्र आजपासून बघ, त्याला नडगी आड येत नाही. आर्मीत दहा पुलअपला ४० गुण आहेत, सहाला १६. सहावरून दहावर गेलास तर २४ गुण वाढतात, आणि ५:४५ वरून साडेपाचवर यायला जीव काढलास तर १२. मुलं पळण्यामागं लागतात आणि बीमवर हातचे गुण सोडून येतात. पुलअप तिथं नीटच मोजतात: हात पूर्ण सरळ, हनुवटी दांड्याच्या वर, झोका नाही. एकही निघत नसेल तर आधी नुसतं लटक, अर्धा मिनिट. मग स्टुलावर चढून वरूनच सुरुवात कर आणि पाच सेकंद मोजत मोजत खाली ये. दिवसाआड असे पाच-सहा. तीन-चार आठवड्यांत पहिला पूर्ण निघेल. नेव्ही-एअर फोर्सला पुलअपच्या जागी जोर, बैठका आणि सिट-अप असतात, आकडे अवघड नाहीत, घरच्या घरी होतात. नडगीसाठी जिन्याच्या पायरीवर टाचा खाली-वर, पंधराच्या तीन खेपा, आणि भिंतीला पाठ टेकून पायाचे पंजे वर उचलणं, तेवढंच. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स शेवटच्या दोन महिन्यांत केलं तरी पुरतं.

पहाटे पाचचा हट्ट सोड. दहाला सुटून, पावणेअकराला घरी येऊन, जेवून बारानंतर झोपणाऱ्यानं पाचला उठायचं नाही. साडेसातला उठ, आठला मैदानावर जा. हाड झोपेत भरतं. शेवटच्या महिन्यात शिफ्ट बदलून मिळाली तर पहाटेची सवय कर. खाण्यासाठी वेगळं काही आणू नकोस. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, दही, पळून आल्यावर केळं. डब्यातली पावडर नको, आणि जिममध्ये कुणी दम वाढायचं इंजेक्शन किंवा गोळी दाखवली तर तिथून बाहेर पड. असलं काही सापडलं तर भरतीतून बाद होशील. शरीराचं जे होईल ते त्याहून वाईट.

ॲकॅडमीबद्दल तू विचारलं नाहीस, पण कोपरखैरण्यात पत्रकं वाटली जातात हे मला माहीत आहे. माझ्या पुतण्यानं अशा एका ठिकाणी पैसे भरले. तिथं प्रवेशाच्या दिवशी त्याची दहावीची मूळ मार्कशीट ठेवून घेतली. पोरगं दोन महिन्यांत कंटाळून निघालं, तर पूर्ण वर्षाची फी भरल्याशिवाय मार्कशीट देईनात. मी चार खेपा घातल्या, चौथ्या खेपेला पोलीस ठाण्यात जातो म्हणालो तेव्हा ती एका कपाटातून निघाली, तीसेक मुलांच्या मार्कशीटच्या गठ्ठ्यातून. तो गठ्ठा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नकोस. आणि भरतीत फॉर्मच्या फीशिवाय कुठंही एक रुपया लागत नाही. ओळख आहे, सेटिंग आहे म्हणणारा माणूस तुझ्या वडिलांची कमाई न्यायला आलेला असतो.

मामांना फोन कर. त्यांना फॉर्म कुठले भरतोयस ते सांग आणि त्यांच्याकडून बीम शिकून घे. पलटणीतल्या माणसाला बीम शिकवायला सांगितलं की तो आनंदानं शिकवतो. त्यांच्या मनातलं अर्धं दुखणं, भाचा आपल्याला विचारत नाही, हेच असणार.

आज रात्री अंगठा दाबून बघ आणि कुठं दुखतंय ते कॅलेंडरवर लिहून ठेव. दहा दिवसांनी पुन्हा तिथंच दाब. दुखलं नाही तर बुटाच्या नाड्या बांध आणि वीस मिनिटं, बोलत बोलत. दुखलं तर मला कळव, आणि डॉक्टरकडे जा.

तुझा,
काका